मंडळातला सगळ्यात मोठा पिणारा

आमच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थी मंडळात ओत्सो केंप्पीइतका पिणारा दुसरा झाला नाही, असं तुम्हाला कुणीही सांगेल. आमच्या विद्यापीठाच्या हेरवान्ता उपनगरातल्या वसतिगृहांच्या कुठल्याही जिन्यात विचारा. पाच वर्षं तो मंडळाचा गाणेप्रमुख होता. पंगतीत दर दहा मिनिटांनी उठून गाणं सुरू करायचं, सगळ्यांनी ते पुस्तकात बघून म्हणायचं आणि शेवटी पेले उंचावून घोट घ्यायचा, हे खातं त्याच्याकडे. एका पंगतीत वीसेक गाणी सहज होतात. विसाव्या गाण्यानंतर बाकीची मंडळी टेबलाच्या पायाशी गप्पा मारायला लागायची आणि ओत्सो एकविसावं गाणं वरच्या पट्टीत उचलायचा. पहिल्या वर्षाची पोरं त्याच्याकडे डोळे विस्फारून बघायची.

खरी गोष्ट अशी, की ओत्सोनं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. हे फक्त मला माहीत होतं, कारण आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो, दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर, आणि त्याच्या बाटल्या मीच भरून द्यायचे.

मला ते कळलं पहिल्याच हिवाळ्यात. भांड्यांच्या कपाटाखाली झाकण लावलेली एक बादली सापडली, आंबूस वासाची. मला वाटलं, बेट्यानं घरातच भट्टी लावली आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी तावातावानं मगभर काढून प्यायले. चव भिजलेल्या पावासारखी. ते निघालं कल्या, राईच्या माल्टचं घरगुती पेय, जे त्याची आजी जेवणाबरोबर लहान मुलांनाही द्यायची. त्यात दारूचा अंश नावालाच असतो. पण हा पठ्ठ्या तेही एकदा उकळून घ्यायचा, न जाणो म्हणून. पकडला गेल्यावर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "वेन्ला, कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, नाही सांगत, पण कपाटाखालची फरशी तू पुसायचीस.

तर बिअरच्या बाटलीत कल्या. व्होडकाच्या बाटलीत नळाचं पाणी. आणि ती जी काळी, नवसागराच्या गोळ्यांची दारू आमच्याकडे पोरं पितात, तिच्या जागी पाण्यात विरघळवलेल्या नुसत्या गोळ्या. त्या गोळ्यांत ज्येष्ठमध असतो, आणि तो फार झाला की रक्तदाब चढतो, हे आम्हा दोघांना कुठं ठाऊक. एका डिसेंबरात सलग नऊ पार्ट्या झाल्या आणि ओत्सोचे घोटे सुजून पावासारखे झाले. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला अर्धा तास दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिलं. यानं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि कमी करीन असं वचन दिलं. बाहेर येऊन मला म्हणाला, बाई फार कळकळीनं बोलत होत्या, त्यांना दुखवावंसं वाटलं नाही.

पार्टी संपली की ऐंशी माणसांत शुद्धीवर हा एकटा. कुणाचा बूट शोध, कुणाला बर्फाच्या ढिगातून उपट, कुणाला तिसऱ्या मजल्यावर पोचवून कुशीवर झोपव, हे सगळं तोच करायचा. दुसऱ्या दिवशी यातलं कुणाला काही आठवायचं नाही. उलट सोमवारी तीच माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून सांगायची, काल तुला घरी नेताना आमचे हाल झाले रे. ओत्सो आभार मानायचा. मला असा संताप यायचा की एखाद्याचं थोबाड रंगवावं.

आता हे सोंग कशासाठी, ते सांगते. ओत्सोच्या डाव्या पायाला दोन बोटं नाहीत. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सगळे सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, उघडे बसतात, तिथं पाय लपवणार कुठं? बघणारा विचारतोच. म्हणून ओत्सोनं सात गोष्टी रचून ठेवल्या होत्या. एकीत झिंगून गवत कापायच्या यंत्रावर नाचला होता, एकीत एका पाईक माशाशी पैज हरला होता, एकीत बाल्कनीत उघडाच झोपून गेला होता. सातही गोष्टींत तो तर्र असायचा. लोक हसून हसून बेजार व्हायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

आठवी, म्हणजे खरी, त्यानं मला बटाटे सोलताना सांगितली, दोन वाक्यांत. नवव्या वर्षी वडील त्याला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला घेऊन गेले, प्यायले, आणि त्याला तिथंच विसरून घरी आले. गावाला त्यानं सांगितलं की मीच भटकत लांब गेलो होतो. एवढं बोलून त्यानं विचारलं, इतके बटाटे पुरतील ना? मी म्हटलं, पुरतील.

"मग सरळ सांगत जा ना, की पीत नाही," मी एकदा म्हटलं होतं.

"पिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही," तो म्हणाला. "न पिणाऱ्याला सगळे विचारतात. औषधं चालू आहेत का, गाडी चालवायचीय का, धर्मात बसत नाही का. पाचव्या प्रश्नाला माझ्या बाबांपर्यंत पोचतात."

बाबांनी दारू सोडून बारा वर्षं झाली होती. गावातल्या मुलांना शाळेत नेणारी टॅक्सी ते चालवत. आया त्यांच्या भरवशावर पोरं सोडत. ते सगळं आपल्या एका वाक्यानं मोडेल अशी ओत्सोला भीती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुलानं ती चौदा वर्षं इतकी घट्ट धरली होती की बोटं उघडायचं विसरला होता.

मग आली हिल्ला राउतिओ. केमिकलची, दुसऱ्या वर्षाची, बेसूर पण खणखणीत गाणारी. एका संयुक्त पंगतीत ओत्सोच्या समोर बसली होती. दोन पेले घेऊन तिनं ग्लास पालथा घातला आणि बाकीचा वेळ याच्याकडे बघत राहिली. नंतर ओत्सो तिला घरी सोडायला गेला, जसा सगळ्यांना सोडायचा. फरक इतकाच की तिला दुसऱ्या दिवशी ते आठवत होतं. आपल्याला कुणीतरी घरी पोचवलं हे लक्षात ठेवणारी ती पहिलीच, त्यामुळे गडी तिथंच आडवा झाला.

नोव्हेंबरात त्यांनी पाय बदलले. आम्ही विद्यार्थी अंगात मेकॅनिकसारख्या डांगऱ्या घालतो, प्रत्येक मंडळाचा रंग वेगळा. प्रेम जमलं की दोघं आपापल्या डांगरीचा एक पाय गुडघ्याखाली कापतात आणि एकमेकांना देतात, शिवून घ्यायला. लग्नाचं काय, ते होतं नि मोडतं, पण पाय बदलणं ही गंभीर बाब. ओत्सोच्या पिवळ्या डांगरीला डावीकडे वाइनच्या रंगाची नडगी आली आणि हिल्लाच्या डांगरीला पिवळी. तो दिवसभर स्वतःच्या पायाकडे बघत चालायचा आणि खांबांना धडकायचा. मला अशी माणसं सहन होत नाहीत, पण त्याच्या बाबतीत मी चालवून घेतलं.

या डांगरीचा दुसरा नियम असा की ती धुवायची नाही, धुवायचीच तर तुम्ही आत असताना. ओत्सोच्या डांगरीवर पाच वर्षांत ऐंशी जणांची बिअर सांडलेली. तो जवळून गेला तरी अख्खा गुत्ता गेल्यासारखं वाटायचं. हिल्लाला तो वास येत होता आणि ती रोज थोडी गप्प होत चालली होती.

फेब्रुवारीत एका दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात एकटी सापडली. मी कॉफी दिली. तिनं स्वतःहूनच सांगितलं. तिची आई प्यायची. हिल्ला लहानपणी पलंगावर पडून दाराच्या किल्लीचा आवाज ऐकायची. किल्ली एका फटक्यात कुलपात गेली, तर आज मॅकरोनी मिळणार. तीनदा घासली, तर कपड्यांनिशी झोपायचं, कारण पळावं लागेल. दहा वर्षं तिनं तो आवाज ऐकला, आणि घर सोडताना ठरवलं की पुन्हा कुणाच्याही किल्लीकडे कान लावून पडायचं नाही.

"आणि ओत्सोची किल्ली पहिल्याच फटक्यात जाते," ती म्हणाली. "वीस गाण्यांनंतर. दर वेळी."

मला वाटलं, सुटलो. पोरगी हुशार आहे, तिनं ओळखलं.

"आईचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं," हिल्ला म्हणाली. "अंगाला कळायचंच बंद झालं होतं. वेन्ला, तो फार पुढे गेलाय गं."

कॉफी माझ्या नाकातून आली. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण शब्द दिला होता, आणि मी मूर्खासारखी शब्द पाळणारी आहे. त्याच संध्याकाळी तिनं ओत्सोला बजावलं. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मंडळाची वार्षिक पंगत. त्या दिवशी तू प्यायलास, तर तुझ्या पायावरची माझी नडगी मी तिथंच कापून घेईन आणि जाईन. त्यासाठी तिनं नखं कापायची नवी कात्रीसुद्धा आणली.

म्हणजे बघा. प्यायचं नाही, एवढंच करायचं होतं, आणि ते तो जन्मभर करतच होता. फक्त ऐंशी जणांना तो पिताना दिसायला हवा आणि एकीला न पिताना, एकाच टेबलावर.

"तिला सांग ना, गाढवा," मी म्हटलं.

"सांगितलं की ती विचारेल, का."

"मग का तेही सांग."

"जूनमध्ये बाबा येणार आहेत तिला भेटायला. त्यांनी हिवाळाभर पैसे साठवून नवा कोट घेतलाय. ती त्यांच्याकडे कशी बघेल मग?"

मी त्याला बटाट्याची सालं फेकून मारली. नंतर त्यानं स्वतःच एक युक्ती काढली आणि तिच्यावर फार खूश झाला. दात दुखतोय, औषधं चालू आहेत, दारू वर्ज्य आहे. मंडळ काही बोलणार नाही, हिल्ला समाधानी, बाबा सुरक्षित. पटावं म्हणून त्यानं गालात कापसाचा गोळा धरायचं ठरवलं आणि आठवडाभर आरशासमोर सराव केला. एकुलत्या एका सत्याला गालात कापूस कोंबून पंगतीला नेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पंगत पाच वाजता सुरू झाली. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. टेबलांवर हेरिंग मासा, उकडलेले बटाटे, शेपू. ओत्सो एक गाल फुगवून माझ्या शेजारी बसला आणि अपेक्षेप्रमाणे सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. गाणी मात्र त्यालाच म्हणायची होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तो वालरससारखं गात होता, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटलं की ही खास शैली आहे, म्हणून तीही तशीच गायला लागली. समोर हिल्ला पहिल्यांदाच जरा हसली. मला वाटलं, निभावलं.

आणि तेवढ्यात यालमारी उठला. यालमारी हा पंगतीचा यजमान, अंगानं रेफ्रिजरेटरएवढा आणि भावनेनं त्याहून भरलेला. म्हणाला, आज आपल्या गाणेप्रमुखाची पाच वर्षं पूर्ण होतायत, म्हणून कार्यशाळेत आम्ही त्याच्यासाठी मानाचा पेला कातलाय. पोलादी, चमचमता, आणि तळाला गोल. मेकॅनिकलची डोकी ती. रिकामा केल्याशिवाय खाली ठेवताच येणार नाही, ठेवला तर कलंडेल. सगळ्यांच्या देखत नव्या बाटलीचं झाकण फोडून त्यानं तो काठोकाठ भरला आणि ओत्सोच्या हातात दिला. दातासाठी तर चांगलंच, जंतू मरतील, असंही वर म्हणाला. ऐंशी जणांनी टेबलं बडवत गाणं सुरू केलं.

माझ्या पिशवीत कल्या होतं, पाणी होतं, काळं पाणी होतं. एकही उपयोगाचं नव्हतं.

गाणं संपलं. ओत्सो पेला धरून उभाच. हिल्लानं कात्री काढून ताटाशेजारी ठेवली. ओत्सोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कापसाचा गोळा सरळ हेरिंगमध्ये पडला.

सगळ्यांनी त्या गोळ्याकडे बघितलं. मग त्याच्या गालाकडे, जो आता दुसऱ्या गालाइतकाच होता. "दात दुखत नाहीच का?" कुणीतरी विचारलं. "मग पीत का नाहीस?"

आला, पहिला प्रश्न आला. मी टेबलाची कड घट्ट धरली. यालमारीला वाटलं, कार्यक्रमाचा विचका होतोय, म्हणून तो सावरायला ओरडला, "बरं ते राहू दे, आधी बोटांची गोष्ट सांग. नवीन हवी हं, जुनी नको."

ओत्सोनं पेल्याकडे बघितलं. तो ठेवायला जागा नव्हती. मग हिल्लाकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं.

"मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बाबा मला तळ्यावर घेऊन गेले. ते प्यायलेले होते. बादली पालथी घातली आणि म्हणाले, यावर बस, उठू नकोस, मी आलोच. आणि घरी जाऊन झोपले."

लोक हसले. ओत्सोची गोष्ट म्हणजे हसायचंच असतं.

"मग?" यालमारी.

"मग मी बसलो."

हशा पिकला. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली.

"उठू नकोस म्हणाले होते ना," ओत्सो म्हणाला.

"आणि तू किती ढोसली होतीस?" मागून एकानं विचारलं.

"मी काहीच नाही. मी अजूनही कधी काहीच घेतलेलं नाही."

त्यावर तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. यालमारी डोळे पुसत सांगायला लागला की आजवरची ही सगळ्यात भारी गोष्ट, शेवट तर कळस आहे. टाळ्या थांबेनात. ओत्सो खाली बसला, भरलेला पेला दोन्ही हातांत धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, सवयीचं, जे त्याला काढता येत नव्हतं. मला रडू येत नाही, हे माझ्या घरचेही सांगतील. मी शेपूच्या काड्या मोडत बसले आणि त्या भिजत गेल्या.

पंगत चालू असताना जागेवरून उठायचं नाही, हा नियम. कुणाला पलीकडे जायचंच असेल तर टेबलाखालून. हिल्लाची खुर्ची एकदम रिकामी झाली. दोन माणसं किंचाळली, एक पाय उडाला, मस्टर्डची बाटली आडवी झाली, आणि ती आमच्या बाजूनं वर आली, केसांत पावाचा चुरा घेऊन. तिनं त्याच्या हातातून पेला काढून माझ्या हातात दिला.

"किती वेळ बसलास?" तिनं विचारलं.

"अंधार पडेपर्यंत. शेजारच्यांनी उचलून नेलं."

तिनं मान हलवली. तिला ते सगळं ठाऊक होतं, फक्त बादलीच्या जागी पलंग.

"ऊठ," ती म्हणाली.

"यालमारीनं सांगितल्याशिवाय उठता येत—"

"ओत्सो. ऊठ."

आणि तो उठला. पाच वर्षांत पहिल्यांदा पंगत संपायच्या आत दारातून चालत बाहेर गेला, गुडघ्याखाली तिची नडगी तशीच शिवलेली. मागं सगळे दंड, दंड म्हणून ओरडत होते.

मी तो गोल तळाचा पेला धरून बसले होते, ठेवू शकत नव्हते, द्यायला कुणी नव्हतं. शेवटी यालमारीच्या टेबलावर पडलेल्या टोपीत सगळा ओतला आणि दोघांचे कोट घेऊन बाहेर पडले.

ती दोघं पायऱ्यांवर उन्हात बसली होती. ओत्सोचं नाक लाल झालं होतं आणि तो बाहीला पुसत होता, त्या बाहीला, विचार करा. तो विचारत होता, जूनमध्ये बाबा आले की त्यांच्याशी काय बोलशील? हिल्ला म्हणाली, कॉफी घेणार का, असं विचारीन. मग तिनं त्याचा डावा बूट काढला, मोजा काढला आणि तळवा मांडीवर घेतला.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"थंडी पडली की."

पाच वर्षं आम्ही सगळे त्याला विचारत होतो, बोटं गेली कशी. मीसुद्धा, खरी गोष्ट माहीत असून, त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांचे कोट पायरीवर ठेवले आणि घरी गेले.